जबड्याचं दुखणं आणि आपली परिस्थिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कानापुढचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला मी आधी तोंड उघडायला सांगते, आणि मग विचारते, "घरी सध्या कसं चाललंय?" पहिल्याचं कुणाला नवल वाटत नाही, दुसऱ्याचं वाटतं. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतून येणारे रुग्ण आणि त्यांच्या घरचे त्यावर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्यामुळे औषधांबद्दल थोडं आणि सवयींबद्दल जास्त लिहिलं आहे.

जबड्याचा सांधा नेमका कुठे असतो?

कानाच्या भोकाच्या थोडं पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे सरकतं तो सांधा. डॉक्टर त्याला टीएमजे म्हणतात आणि त्याच्या तक्रारींना टीएमडी. खालचा जबडा एकच हाड असल्याने दोन्ही बाजूंचे सांधे कायम जोडीने चालतात. तोंड उघडताना हाडाची गोल टोकं आधी जागच्या जागी फिरतात, मग पुढे सरकतात. मध्ये कूर्चेची एक लहान चकती असते. ती जागेवरून सरकली की 'टक्' असा आवाज येतो. दुखत नसेल आणि तोंड अडकत नसेल, तर नुसत्या आवाजावर कसलेही उपचार लागत नाहीत.

बहुतेक रुग्णांचं दुखणं मात्र सांध्यापेक्षा स्नायूंत जास्त असतं. दाढा आवळा आणि गालावर हात ठेवा. हाताला जो गोळा लागतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावरही तसाच एक पसरलेला आहे. म्हणूनच हे लोक पुष्कळदा डोकेदुखीच्या, नाहीतर कानाच्या डॉक्टरकडून फिरून आलेले असतात.

एक्स-रेत काही निघालं नाही. तरी डॉक्टरांनी घरचं, नोकरीचं, झोपेचं विचारलं. माझं दुखणं मनाचं आहे असं त्यांना म्हणायचंय का?

नाही. हे मी अगदी ठासून सांगते, कारण या एका गैरसमजामुळे माणसं दुसऱ्यांदा दवाखान्यात येतच नाहीत.

स्नायूचं दुखणं एक्स-रेत दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. घरचं विचारण्याचं कारण वेगळं आहे. 1934 मध्ये कॉस्टन नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने असं मांडलं की दाढा पडल्या, चाव म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण बिघडली, की सांध्यावर दाब येऊन हे सगळं होतं. पुढची कित्येक वर्षं दात घासून, कॅप बसवून चाव जुळवण्यात गेली. त्याने बऱ्याच जणांना बरं वाटलं नाही. 1977 मध्ये जॉर्ज एंगेल या डॉक्टरने म्हटलं की आजाराकडे शरीर, मन आणि समाज या तिन्ही बाजूंनी पाहायला हवं. जबड्याच्या दुखण्यात हा विचार फार खोल रुजला. आज जगभर वापरली जाणारी, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेली निदानाची पद्धत सरळ दोन भागांत आहे. पहिल्यात सांधा आणि स्नायू तपासायचे. दुसऱ्यात चिंता, उदासी, इतर दुखणी आणि दुखण्यामुळे रोजचं काय अडतंय ते विचारायचं. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी घरचं विचारलं असेल, तर त्यांनी तपासणी पुरी केली इतकाच त्याचा अर्थ.

पण घरातला ताण गालाच्या स्नायूपर्यंत पोचतो कसा?

दोन-तीन वाटांनी पोचतो. त्यातली पहिली तुम्ही आत्ता इथे बसल्या जागी तपासू शकता. हे वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का?

दिवसभरात दातांना दात लागण्याची गरज फक्त चावताना आणि गिळताना पडते. चोवीस तासांतलं ते सगळं मिळून सुमारे वीस मिनिटं भरतं. उरलेला वेळ ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. काळजीत, घाईत, राग गिळून काम करताना माणूस नकळत दात टेकवतो. जोर लावायलाही लागत नाही. रिकामा हात नुसता पुढे धरून ठेवला तरी थोड्या वेळाने भरून येतो, तसे हे स्नायू भरून येतात. "मी दात खात नाही" असं सांगणारे बरेच जण झोपेतल्या दात खाण्याबद्दल बोलत असतात. जागेपणी दात टेकवण्याची सवय त्यांच्या ध्यानातच आलेली नसते. आणि मनावरच्या ताणाशी जास्त जवळचं नातं या जागेपणीच्या सवयीचंच आहे.

दुसरी वाट झोपेची. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं. अमेरिकेत ओपेरा नावाचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात जबडा अजिबात न दुखणाऱ्या अडीच हजारांहून अधिक लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. दर वर्षी त्यांतल्या शंभरातल्या चौघांना नव्याने हा त्रास सुरू झाला. ज्यांना झाला त्यांची झोप दुखणं येण्याच्या आधीच्या महिन्यांत बिघडत गेली होती. ज्यांच्या अंगात आधीपासून पाठदुखी, डोकेदुखी, पोटाच्या बारीकसारीक तक्रारी होत्या, त्यांनाही धोका जास्त होता. दातांच्या ठेवणीपेक्षा हीच माहिती पुढचं जास्त सांगून गेली.

तिसरी वाट मेंदूची. दुखण्याचे संदेश वाढवायचे की दाबायचे हे ठरवणारी यंत्रणा मेंदूत असते. सततची भीती आणि काळजी तिचा तोल दुखण्याच्या बाजूला झुकवते. हे सगळं शरीरातच घडतं.

बायकांनाच हा त्रास जास्त का?

स्त्रियांमध्ये हा त्रास पुरुषांच्या साधारण दुप्पट दिसतो, आणि वीस ते पंचेचाळीस या वयात अधिक. संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, काही वाटा असावा. पण ओपेरातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नव्याने दुखणं सुरू होण्यात स्त्री-पुरुषांमध्ये फार मोठं अंतर नव्हतं. जुनाट दुखण्याच्या रुग्णांमध्ये मात्र स्त्रियांची संख्या कितीतरी जास्त होती. म्हणजे सुरू झालेलं दुखणं बायकांच्या बाबतीत मुक्काम ठोकतं. का, याचं उत्तर शोधताना फक्त संप्रेरकांवर थांबून चालणार नाही.

वेर्ण्याच्या औषध कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या बाईचा दिवस बघा. पहाटे उठून दोन डबे, सासऱ्यांची पेज, मुलीची वेणी, मग कंपनीची बस. आठ तास मान खाली घालून एकसारखं काम. परतल्यावर पुन्हा चूल. अशा एका बाईला मी आरशासमोर बसवून मोबाइलवर हिशोब करायला सांगितलं. तिचे गाल दर आकड्याला फुगत होते. ते तिला पहिल्यांदाच दिसलं. स्नायूला सैल सोडायला तिच्या दिवसात जागाच नव्हती.

गोव्याचाच एक अभ्यास इथे सांगायला हवा. तो जबड्याचा नाही, थकव्याचा आहे. उत्तर गोव्यातल्या 18 ते 50 वयाच्या बायकांच्या सततच्या थकव्यावरचा हा अभ्यास 2005 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. थकवा म्हटलं की आपण रक्त कमी आहे म्हणतो, लोहाच्या गोळ्या देतो. अभ्यासात हिमोग्लोबिनशी थकव्याचा संबंध निघाला नाही. निघाला तो घरावरच्या कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी, घरच्यांचा आधार नसण्याशी आणि मनःस्वास्थ्याशी. आपल्या गावांतल्या बायकांच्या शरीराने दिलेली ही साक्ष आहे. जबड्याचं दुखणं तपासताना ती मी विसरू शकत नाही.

पैशाच्या काळजीचा खरंच इतका परिणाम होतो?

होतो, आणि दोन बाजूंनी होतो. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागात खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे हप्ते अंगावर पडलेली कितीतरी घरं होती. हप्त्याची तारीख जवळ आली की झोप जाते, झोप गेली की जबडा धरतो. ही साखळी मी पुरुषांतही पाहते. फक्त ते दुखण्याबद्दल बोलत नाहीत, "दाढ काढून टाका" एवढंच म्हणतात. चांगली दाढ अशी निघालेली पाहिली की वाईट वाटतं, कारण दुखणं तसंच राहतं.

दुसरी बाजू उपचारांची. काणकोणहून नाहीतर पेडण्याच्या टोकाहून बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. मग माणूस मेडिकलमधून गोळ्या घेऊन दिवस ढकलतो आणि दुखणं तीन महिन्यांच्या पलीकडे जातं. तसं झालं की ते जुनाट गणलं जातं आणि हटायला वेळ लागतो. म्हणून पहिल्याच भेटीत सांगा की वारंवार येणं जमणार नाही. घरी करण्याचे व्यायाम त्याच दिवशी शिकवून मागा आणि पुढची चौकशी फोनवर चालेल का ते विचारा. हे मागण्यात काहीही गैर नाही.

रात्रपाळी आहे. त्याने वाढतं का?

वाढू शकतं. हॉटेल, कॅसिनो, कारखाना, विमानतळ, कुठलीही रात्रपाळी असो, झोप तुकड्यातुकड्यांनी होते, आणि जागं राहायला चहा-कॉफी, सिगारेट चालते. कॅफीन, तंबाखू आणि दारू या तिन्हींचा झोपेत दात खाण्याशी संबंध आढळला आहे. पाळी बदलणं हातात नसतं, ते मला कळतं. निदान झोपण्याआधीच्या पाच-सहा तासांत चहा-कॉफी नको, आणि दिवसा झोपताना खोलीत अंधार करा. घरच्यांनीही त्या वेळेत कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्ही आवरता घ्यावा.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की माझा जबडा हमखास धरतो. हा योगायोग का?

योगायोग वाटत नाही. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला सगळं घर जमतं, पण नेवऱ्या (करंज्या) लाटणं, पाच भाज्यांची चिराचिरी, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं खाणंपिणं हे ठरावीक बायकांवरच येतं. झोप चार तासांवर, मान खाली, आणि कोण काय म्हणेल ही धाकधूक. त्यात मुंबईहून आलेली जाऊ आणि जुनी रुसवाफुगवी.

यावर गोळी नाही, वाटणी आहे. नेवऱ्यांचं सारण आधी करून ठेवता येतं, तळणीला दुसऱ्याला बसवता येतं, पुरुषांना भांडी घासता येतात. चवथीच्या पंधरा दिवस आधी हे बोलून घ्या. आयत्या वेळी बोललं तर भांडण होतं.

नवरा बोटीवर आहे, मी आणि म्हातारी सासू दोघीच. एकटेपणाने दुखणं वाढतं का?

आधार नसला की दुखणं जास्त जड होतं, हे बऱ्याच जुनाट दुखण्यांत दिसलं आहे. तुमच्याकडे पैसा येतो म्हणून लोक तुम्हाला सुखी समजतात आणि तुम्हीही तक्रार करत नाही. सासूला रात्री उठवणं-बसवणं, फोनची वाट, सगळे निर्णय एकटीने. डॉक्टरांना हे सांगा. आठवड्यातून दोन संध्याकाळी सासूपाशी बसायला शेजारची कुणी मिळते का बघा आणि त्या वेळात देवळातल्या भजनाला, फुगडीच्या तालमीला नाहीतर नुसतं फिरायला जा. मी हे उपचार म्हणूनच लिहून देते.

बारावीतल्या मुलीचा जबडा दुखतो. अभ्यास टाळायचं नाटक तर नसेल?

मुलीला असं विचारू नका. तिचं पेन, नखं आणि च्युइंगम बघा. वाचताना हनुवटी मुठीवर टेकून बसते का, रात्री किती वाजता झोपते, हेही बघा. या वयात हा त्रास नवा नाही आणि वेळेत लक्ष दिलं तर बहुधा लवकर आटोक्यात येतो. निकालावरून घरात रोज बोलणी बसत असतील, तर ती थांबवणं तुमच्या हातात आहे.

घरात मारहाण होते. जबडा त्यामुळे दुखत असेल का? डॉक्टरांना सांगू का?

असू शकेल. चेहऱ्यावर बसलेल्या एका फटक्याने सांध्याला इजा होते. जुना, न समजलेला फ्रॅक्चरही असू शकतो. आणि मार थांबल्यावरही भीतीने आवळलेले स्नायू सुटायला फार काळ लागतो. लहानपणी सोसलेल्या अत्याचाराचाही पुढच्या जुनाट दुखण्याशी संबंध आढळतो.

सांगा. सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवून बोलायचं आहे, एवढं म्हटलं तरी पुरे. समजदार डॉक्टर स्वतःच तशी सोय करतात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार पीडित स्त्रीने मागितल्यावर दवाखान्याने वैद्यकीय मदत द्यायचीच आहे. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, जिवावर बेतलं तर 112. कधी आणि कसं बाहेर पडायचं हे तुम्हीच ठरवायचं, कुणी घाई करू नये. पण ज्या घरात मार बसतो त्या घरात जबडा सैल सोडायला शिकवून मी दुखणं बरं करू शकत नाही. तुमची सुरक्षितता आधी.

मी शिक्षिका आहे, शिवाय गावच्या जत्रेच्या नाटकात काम करते. बोलणं बंद करू का?

बंद नको. तालमी सलग न ठेवता मध्ये मध्ये थांबा, मोठ्याने बोलताना हनुवटी पुढे काढू नका, आणि घसा-जबडा दोन्ही ताणले जातील असं ओरडून बोलणं माइकवर सोपवा. गाणाऱ्यांनाही हेच. व्हायोलिन वाजवणाऱ्यांनी, आणि गोव्यात ते कमी नाहीत, हनुवटीखालचा आधार आपल्या मानेच्या उंचीचा आहे का ते तपासून घ्यावं. वाद्य जबड्याने दाबून धरण्याची सवय त्रास देते.

सुपारी, गुटखा खाणाऱ्याचं तोंड उघडत नाही, तेही हेच का?

बहुधा नाही. सुपारीमुळे तोंडाच्या आतलं अस्तर घट्ट होत जातं, तिखट झोंबतं आणि तोंड हळूहळू कमी उघडतं. तो आजार वेगळा आहे आणि त्यात कर्करोगाचा धोका असतो. तोंडात तुमचीच तीन बोटं उभी मावत नसतील आणि सुपारीची सवय असेल, तर दंतवैद्याला लगेच दाखवा.

रात्री दातांवर घालायचा गार्ड, इंजेक्शन, दात घासून चाव जुळवणं... खर्च करू का?

2023 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने तीन महिन्यांपेक्षा जुन्या जबडादुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनी ठामपणे पुढे केलेले उपचार बघा: विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारं समुपदेशन, जबड्याचे व्यायाम, तज्ज्ञाच्या हाताने सांधा मोकळा करणं, स्नायूंतल्या गाठी दाबून सोडवणं, देखरेखीखाली बसण्या-उभं राहण्याच्या ढबीचे व्यायाम, आणि दुखण्याची नीट माहिती व धीर देणं. जवळजवळ सगळं स्वस्तातलं. बोटॉक्स, सांध्यातली इंजेक्शनं, काढता-घालता येणारे गार्डसुद्धा त्यांनी दुखण्यासाठी सरसकट वापरू नयेत म्हटलं आहे. दातांची रचना कायमची बदलणारे गार्ड आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांना तर सरळ विरोध आहे.

झोपेत दात खाऊन दात झिजत असतील तर साधा गार्ड दात वाचवतो, म्हणून दंतवैद्य तो देतात. ते योग्य आहे. पण जे केल्यावर परत पहिल्यासारखं करता येत नाही, त्याला होकार देण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. कर्ज काढून तर मुळीच करू नका.

घरी काय करायचं?

'न' म्हणा. जीभ वरच्या दातांच्या मागे जिथे टेकली तिथेच राहू द्या, ओठ मिटा, दात सुटे ठेवा. हीच ती विश्रांतीची स्थिती. ती लक्षात राहायला खुणा लावा: मोबाइलच्या पाठीवर, चुलीमागच्या फरशीवर, स्कूटरच्या आरशावर रंगीत टिकली. टिकली दिसली की दात सुटे आहेत का बघायचं आणि खांदे खाली सोडायचे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

दुखणं जोरात असेल त्या दिवसांत पेज, मऊ भात, खतखते, उकडलेल्या भाज्या खा. कांकणं, म्हणजे पावाची कडक कडी, चहात पूर्ण भिजवून. उंड्याची (गोल पावाची) कडक कड, चणे, जत्रेतलं खाजं काही आठवडे बाजूला ठेवा. त्यानंतर हळूहळू सगळं सुरू करा, कारण कायम मऊच खात राहिलं तर स्नायू आणखी कमजोर होतात. ओल्या कोमट फडक्याने गाल दहा-पंधरा मिनिटं शेका. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. पालथं झोपू नका.

नैराश्यावरच्या काही गोळ्यांमुळे दात आवळले जातात. गोळी सुरू झाल्यावर त्रास सुरू झाला असेल, तर ज्यांनी ती दिली त्यांना सांगा. स्वतःहून बंद करू नका.

घरच्यांनी काय करावं?

"काही नाही, नुसतं टेन्शन घेते" हे वाक्य सोडून द्यावं. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन तिला अंथरुणातून उठूच देत नाही, असंही करू नये. अती जपण्याने माणूस दुखण्याभोवतीच फिरत राहतो. भाजी चिरा, मुलांना शाळेत सोडा, रात्री तिला सलग झोपू द्या. दवाखान्यात एकदा सोबत या.

गोव्यात कुठे जायचं?

सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रापासून किंवा ओळखीच्या दंतवैद्यापासून. तिथून गरज पडली तर बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज. फिजिओथेरपिस्ट निवडताना जबड्याचं काम करता का, एवढं आधी विचारा. मनावरचा भार जास्त असेल तर बांबोळीलाच मानसोपचार संस्था, म्हणजे आयपीएचबी आहे, आणि फोनवर बोलायचं तर टेलिमानस, 14416. आपल्याच राज्यात संगाथ या संस्थेने गावातल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत समुपदेशन सुरू केलं, त्याचा नैराश्याच्या रुग्णांना फायदा झाला, आणि 2010 मध्ये तो अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. तेव्हा समुपदेशन शहरातल्या पैसेवाल्यांचं, हे मनातून काढून टाका.

डॉक्टरकडे जायला कधी थांबायचं नाही?

चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखू लागला, सोबत छातीत दाब, घाम, दम, डावा हात भरून येणं, तर ते हृदयाचं असू शकतं. तडक 108 ला फोन करा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चावताना जबडा थकून दुखतो, कानशील हुळहुळतं, नजर अंधूक होते, तर त्याच दिवशी दाखवा, डोळे जाण्याचा धोका असतो. विजेच्या झटक्यासारखी कळ, ताप आणि सूज, बधिर झालेला ओठ, गालातली किंवा मानेतली गाठ, बरी न होणारी जखम, मार लागल्यावर दात एकमेकांवर नीट न बसणं यांसाठीही वाट पाहू नका. जखम झाल्यावर काही दिवसांनी तोंड मिटूनच राहू लागलं तर धनुर्वाताचा संशय घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा.

तपासणीला जाताना काय सांगू? आत गेल्यावर सगळं विसरायला होतं.

चार दिवस आधीपासून एका कागदावर लिहा: दुखणं किती वाजता वाढलं, त्या वेळी काय करत होता, कुणाशी काय बोलणं झालं होतं, आदल्या रात्री किती झोप झाली. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या. घरातलं बोलायचं नसेल तर "ते आत्ता नको" असं सरळ सांगा. पुढच्या वेळी बोललं तरी चालतं.